तीच चूक, तोच शेरा: उकुलेले शिकणाऱ्याला सांगूनही फरक पडत नाही तेव्हा

तक्रार अशी असते. शिकणारा दर रविवारी वाजवून दाखवतो. आपण दर रविवारी म्हणतो, "एफ कॉर्ड नीट येत नाहीये, जरा सराव करा." तो मान डोलावतो आणि पुढच्या रविवारी एफ, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांचा तो गुच्छ, पुन्हा तसाच ठप्प वाजतो. तीन-चार रविवार असे गेले की शिकणाऱ्याला वाटायला लागतं आपल्या हातात हे नाहीच, आणि आपल्याला वाटतं हा घरी वाद्याला हात लावत नाही.

आमच्या सोसायटीत आम्ही सहा-सात जण रविवारी सकाळी उकुलेले, म्हणजे गिटारसारखं दिसणारं चार तारांचं छोटं वाद्य, घेऊन बसतो. वयं दहापासून अडुसष्टपर्यंत. मी कुणाची शिक्षिका नाही, इतरांच्या दोन वर्षं आधी सुरुवात केली म्हणून सगळे माझ्याकडे बघतात, एवढंच. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते बहुतेक माझ्या चुकांमधून आलेलं आहे. त्यातली मुख्य चूक ही की मी परिणाम सांगायचे, कारण नाही. एफ नीट येत नाही हे वाजवणाऱ्यालाही ऐकू येतं हो. पोट दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जावं आणि डॉक्टरनं गंभीर चेहऱ्यानं "तुमचं पोट दुखतंय" असं निदान करावं, तसला माझा शेरा.

आता मी तोंड उघडण्याआधी तीन गोष्टी याच क्रमानं तपासते: वाद्य, मग डावा हात, मग लय.

आधी वाद्य. खरंच आधी वाद्य.

आमच्यातल्या एका ताईंना मी जवळजवळ महिनाभर "पहिलं बोट जोरात दाबा" असं सांगत होते. त्या बिचाऱ्या इतक्या दाबायच्या की बोटाच्या टोकाला खाच पडायची, तरी कॉर्ड बेसूर. शेवटी एकदा त्यांचं उकुलेले मी हातात घेतलं आणि मलाही तो एफ बेसूरच आला. दोष नटचा होता. मानेच्या टोकाला खाचा पाडलेली जी पट्टी असते, जिच्यावरून तारा खुंट्यांकडे जातात, ती. खाचा पुरेशा खोल नसल्या तर पहिल्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्यांनी आखलेली घरं) तार फार उंच राहते. ती खाली दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणजे मी जितकं "जोरात" म्हणत होते तितका सूर आणखी चढत होता. स्वस्तातल्या उकुलेलेत हा दोष इतका सर्रास असतो की तो गृहीत धरूनच तपासावं.

तपासायला दोन मिनिटं लागतात. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते बघा. केसाएवढी राहिली तर ठीक. व्हिजिटिंग कार्ड तार न उचलता सहज आत सरकत असेल तर नट उंच आहे. दुसरी खूण ट्यूनरवर दिसते: ई तार (वरून तिसरी) मोकळी, म्हणजे कुठेही न दाबता, वाजवली तर बरोबर, पण पहिल्या फ्रेटवर हलक्या हातानं दाबली की एफचा सूर स्पष्ट चढा. हे काम वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या. घरी कानस चालवू नका, खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार फ्रेटला लागून खरखरते आणि मग नटच बदलावा लागतो.

ट्यूनिंगचं थोडक्यात. फोनमधलं ट्यूनरचं ॲप गिटारच्या मोडवर आहे का ते बघा, हे निम्म्या वेळा असतं. नवीन नायलॉनच्या तारा पहिले चार-आठ दिवस ताणल्या जातात आणि सूर उतरत राहतो. म्हणून नव्या वाद्यावर "ट्यून करून का नाही बसलात?" असं विचारू नये, त्यांनी केलेलं असतं. सूर वर गेला तर तार थोडी जास्तच उतरवून खालून वर आणायची, वरून खाली नाही.

ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना मी तारांचे सूर (वरून खाली जी, सी, ई, ए) पेटीच्या भाषेत सांगते, पटकन बसतात: पांढरी ५, पांढरी १, पांढरी ३, पांढरी ६. पांढरी १ ला सा धरला तर प सा ग ध, आणि चारही एकाच सप्तकात. गिटारवरून आलेले लोक इथे हमखास अडतात. वरची तार खर्जातली असणार असं त्यांच्या हाताला वाटत असतं, म्हणून "ही 'जी' तार चुकीची लावलीय" असा शेरा ते दुसऱ्याला बिनधास्त देतात. चुकीची नसते. उकुलेलेची नेहमीची मांडणीच तशी आहे, 'जी' तारेचा सूर सी आणि ई दोघींपेक्षा उंच. कुणी मुद्दाम खालचा जी लावतात, पण त्यासाठी तारही वेगळी, जाड लागते. (पेटीशी जुळवताना एक बघा: जुनी पेटी ट्यूनरच्या ४४० हर्ट्झला नेमकी बसेलच असं नाही. दोन्हीपैकी एकाचंच ऐकायचं.)

खरखरीचं निदानही वाद्यापासूनच. एकाच तारेवर, एकाच फ्रेटला खरखर असेल तर बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीपासून लांब पडलंय, पट्टीच्या अगदी मागे सरकवा. मोकळ्या तारेवरही खरखर असेल तर बहुधा काहीतरी सैल आहे: खुंटीचा स्क्रू, नाहीतर घोडीपाशी (तारा खालच्या टोकाला बांधतात तिथे) बाहेर आलेलं तारेचं शेपूट लाकडाला टेकतंय. त्या शेपटावर बोट ठेवून तार छेडा. आवाज बंद झाला तर चोर सापडला. आमच्यातले एक काका गाणं शिकलेले आहेत. त्यांना ही खरखर चक्क आवडायची. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात ना, तसं काहीतरी आपोआप झालंय असा त्यांचा समज. "अहो, ही जवारी नाही, स्क्रू सैल आहे," म्हटल्यावर जरा हिरमुसलेच.

मग डावा हात: चार तारा, एकेक करून

वाद्य ठीक निघालं की कॉर्ड झाडायची नाही, म्हणजे चारही तारांवरून एकदम हात फिरवायचा नाही, चारही तारा एकेक करून छेडायला सांगायच्या. माझ्या मते सगळ्या निदानात याच्याइतकं कामाचं काही नाही. छेडायचं शिकणाऱ्यानं, ऐकायचं दोघांनी, आणि कुठली तार मुकी आहे ते त्यालाच सांगू द्यायचं.

एफ घ्या. मधलं बोट 'जी' तारेवर दुसऱ्या फ्रेटला, पहिलं बोट ई तारेवर पहिल्या फ्रेटला, सी आणि ए मोकळ्या. आता मुकी तार कुठली यावरून बोट कळतं. ए मुकी असेल तर पहिल्या बोटाचं शेवटचं पेर आडवं पडलंय आणि खालच्या तारेला टेकतंय. सी मुकी असेल तर तोच दोष मधल्या बोटाचा. दोन्हीला उपाय एकच, पेर उभं करायचं, पण "बोटं उभी ठेवा" असं मोघम म्हटलं की माणूस चारही बोटं ताठ करून बसतो आणि मनगट आखडतं. "पहिलं बोट ए तारेला लागतंय, तेवढंच सोडवा" म्हटलं की तीस सेकंदांत फरक पडतो.

इथे एक गंमत आहे, ती मला बऱ्याच उशिरा कळली. शिकणारे म्हणतात, "जी-सेव्हनमध्ये तर माझं पहिलं बोट त्याच जागी असतं, तिथे बरोबर वाजतं. एफमध्येच का नाही?" प्रश्न रास्त आहे. जी-सेव्हनमध्येही पहिलं बोट ई तारेच्या पहिल्याच फ्रेटला असतं, आणि तिथेही ते आडवं पडून ए तारेला टेकत असतं. पण तिथे ए तार दुसऱ्या फ्रेटला तिसऱ्या बोटानं दाबलेली असते, त्यामुळे तिच्या मागे काय टेकतंय यानं काही बिघडत नाही. दोष होताच, कॉर्डनं तो झाकून ठेवला होता. हे समजावून सांगितलं की माणसाच्या चेहऱ्यावरचा अपराधी भाव जातो. त्याला वाटत असतं आपण काल शिकलेलं आज विसरलो.

"माझी बोटंच जाड आहेत" ही तक्रार पुरुष हमखास करतात. मी ती लगेच मान्य करत नाही, कारण दहात नऊ वेळा पेर आडवं असतं. पण सोप्रानोची, म्हणजे छोट्या आकाराच्या उकुलेलेची, तार नटपासून घोडीपर्यंत जेमतेम १३-१४ इंच असते आणि टेनरची, म्हणजे मोठ्या आकाराच्याची, साधारण १७, तेव्हा एकदा दुसऱ्या कुणाचं टेनर हातात देऊन बघायला हरकत नाही. तिथेही तीच तार मुकी राहिली तर बोटांची जाडी सुटली आरोपातून.

नखं बघा. डाव्या हाताची नखं वाढलेली असतील तर पुढचं सगळं बोलणं वाया.

लय: कॉर्ड बदलताना हात का थांबतो

"लय तुटतेय" हाही माझा एक आवडता निरुपयोगी शेरा होता. कुठे तुटतेय? जवळजवळ नेहमी दोन कॉर्डच्या मधे, आणि बहुतेकदा एकाच जोडीच्या मधे. ती जोडी शोधा. अख्खं गाणं पुन्हा वाजवायला लावू नका. त्यात तो सोप्या जागा आणखी पक्क्या करतो आणि अवघड जागा आहे तिथेच राहते.

जोडी सापडली की दोन्ही कॉर्डमध्ये सारखं काय आहे ते विचारा. एफवरून जी-सेव्हनला जाताना पहिलं बोट हलवायचंच नाही, आणि तरीही नव्वद टक्के लोक सगळीच बोटं उचलून हवेत जुळवाजुळव करतात. सीवरून जी-सेव्हनला तिसरं बोट ए तार न सोडता तिसऱ्यावरून दुसऱ्या फ्रेटला सरकतं. एफवरून ए मायनरला तर फक्त पहिलं बोट उचलायचं, झालं. हे सांगताना तोंडानं कमी बोलावं आणि त्याच्या हलत नसलेल्या बोटाकडे नुसतं बघायला सांगावं.

नंतर एक मिनिटाचं घड्याळ लावायचं: सी, जी-सेव्हन, सी, जी-सेव्हन. मिनिटात किती वेळा स्वच्छ बदल झाला ते शिकणाऱ्यानं स्वतः वहीत लिहायचं. मला हे आवडतं, कारण आकडा माझं मत नाही. काल १४ होते, आज १९. इथे माझ्या "छान"ला काही किंमत नाही आणि माझ्या नापसंतीलाही नाही.

उजव्या हाताचं वेगळं. सगळ्यांना हवा असतो तो झाडण्याचा नमुना म्हणजे खाली, खाली-वर, वर-खाली-वर. तो बिघडतो एकाच जागी, मधोमध, लागोपाठ दोन "वर" येतात तिथे. लोक तिथे हात थांबवतात, वाट बघतात आणि मग उशिरा वर झाडतात. हा नमुना केरवा तालाच्या आठ मात्रांवर मांडला की सगळं उलगडतं. हात आठही मात्रांना लंबकासारखा खाली-वर जातच असतो, तारांना लागतो तो १, ३, ४, ६, ७ आणि ८ ला. दुसऱ्या मात्रेला वर जाताना चुकवायचं आणि पाचवीला खाली येताना चुकवायचं. आणि केरव्यात पाचवी मात्रा म्हणजे काय? खाली, म्हणजे टाळी न देता रिकामी सोडायची जागा! तबल्याचं थोडंफार शिकलेल्या माणसाला "खालीला हात खाली जातो, पण खाली हातानं" असं सांगितलं की तो हसतो आणि मग कधीच विसरत नाही. तबल्याशी ओळख नसलेल्याला मी तारांवर रुमाल टाकून हात नुसता हलवत ठेवायला सांगते, तोंडानं एक ते आठ.

झाडतात कुठे तेही बघा. सोप्रानोवर भोकावर झाडलं तर आवाज कर्कश येतो. मान जिथे वाद्याच्या पोटाला मिळते तिथे झाडलं की गोड. हे एकदा सांगून सोडून द्यायचं.

फोनवर आलेली क्लिप

आठवड्याच्या मध्ये काही जण रेकॉर्डिंग पाठवतात. ते ऐकून आवाजाच्या गोडव्याबद्दल किंवा खालीवर होण्याबद्दल बोलू नये. फोन लहान-मोठा आवाज आपल्या मनानं समान करतो. व्हिडिओ कॉलची ॲप्स तर तारेचा लांबत जाणारा नाद पंख्याच्या घरघरीसारखा समजून कापून टाकतात. मी एका मुलाला "तार लवकर सोडतोस, सूर टिकत नाही" असं दोन आठवडे सांगत होते, आणि प्रत्यक्ष भेटल्यावर सूर मस्त टिकत होता. बऱ्याच ॲप्समध्ये मूळ आवाज तसाच पाठवायची सेटिंग असते, ती आधी चालू करून घ्या. कॉलवर एकत्र वाजवायच्या भानगडीत तर पडूच नका, आवाज पोचायला वेळ लागतो आणि दोघांनाही वाटतं समोरचा मागे पडतोय.

क्लिपवर उत्तर देताना मी वेळ लिहिते. "४२व्या सेकंदाला एफमध्ये ए तार मुकी आहे. पहिल्या बोटाचं पेर बघा. चार वेळा एकेक तार छेडून मग परत तेवढीच ओळ." एवढंच. त्यात आणखी तीन चुका ऐकू आल्या असल्या तरी गिळून टाकते. जड जातं, पण जमतं. पूर्वी सात मुद्दे लिहायचे. उत्तर यायचं "धन्यवाद ताई 🙏" आणि सातातला एकही सुधारायचा नाही.

सगळं बरोबर सांगूनही माणूस बंद पडतो तेव्हा

गणपतीत माझी भाची पाहुण्यांसमोर वाजवत होती. दहा वर्षांची, पहिल्यांदाच चार माणसांत. मी स्वयंपाकघरात मोदक वळत होते आणि तिथूनच ओरडले, "अगं, जी-सेव्हन!" मी बरोबर होते, तिथे जी-सेव्हनच होता. तिनं गाणं पूर्ण केलं, उकुलेले पिशवीत घातलं आणि ते तीन आठवडे बाहेर काढलं नाही. माझ्या भावानं विचारलं तर म्हणे, "आत्याला आवडत नाही."

तेव्हापासून मी आधी विचारते: "नुसतं ऐकू, की काही सांगू?" नुसतं ऐक म्हटलं तर नुसतं ऐकायचं. चेहऱ्यानंसुद्धा काही बोलायचं नाही; ती तो वाचते. सांग म्हटलं तर आणखी एक प्रश्न: "तुला स्वतःला कुठे खटकलं?" मुलं आश्चर्य वाटावं इतकं नेमकं सांगतात. मोठी माणसं उलट सगळंच वाईट झालं म्हणतात. त्यांना "सगळं नको, एक जागा सांगा" म्हणून अडवावं लागतं.

कौतुकाचंही तेच. नुसतं "छान" ऐकून पुन्हा काय करायचं ते कळत नाही. "दुसऱ्या ओळीत चूक झाली तरी उजवा हात थांबला नाही" हे कळतं, आणि ते पुन्हा करता येतं. हे खोटं मात्र बोलू नये. थांबला असेल तर दुसरं काहीतरी खरं शोधावं, असतंच.

आणि काही शेरे मुळात द्यायचेच नसतात. "युकेलेले नाही हो, उकुलेले!" हा त्यातला पहिला. हवाईच्या भाषेत उच्चार ऊकूलेलेच्या जवळ जातो, अर्थ उड्या मारणारी पिसू असा सांगतात, हे खरं. मदेरा बेटावरून १८७९ साली जहाजानं होनोलुलूला पोचलेल्या पोर्तुगीज सुतारांनी आपल्या छोट्या वाद्यांवरून ते घडवलं, हेही खरं. पण जो माणूस घाम पुसत सी कॉर्ड शोधतोय त्याला याचा काय उपयोग? शिवाय आमच्याकडे या नावावरून लेल्यांवर एक विनोद झाल्याशिवाय रविवार सुरूच होत नाही, तेवढं पुरे आहे.

एकच गोष्ट दोनदा सांगून फरक पडला नाही तर तिसऱ्यांदा सांगत नाही. मग कारण चुकीचं पकडलंय असं धरते आणि पुन्हा वाद्यापासून सुरू करते. तरीही काही सापडलं नाही तर ती जागा महिनाभर सोडून देते.

ई कॉर्डचं असंच झालं. जी, सी आणि ई तीनही तारा चौथ्या फ्रेटला, ए तार दुसऱ्या फ्रेटला. तीन बोटं त्या चिमुकल्या घरात मावत नाहीत. ए पट्टीतलं गाणं असेल तर मी सरळ ई-सेव्हन वाजवायला सांगते, १२०२ (वरून क्रमानं पहिला फ्रेट, दुसरा, मोकळी, दुसरा), सोपा आहे आणि कानाला बसतो. पण गाणं शिकलेल्या त्या काकांना ते मान्य नाही, ई म्हणजे ई. गेल्या महिन्यात त्यांनी तिसरं बोट आडवं टाकून वरच्या तीन तारा एकदम दाबल्या. ए तार त्याच बोटाच्या बुडाशी टेकून मुकी. मी सवयीनं बोलणारच होते, "काका, ए तार—" पण आधी म्हटलं, एकेक छेडा. बी वाजला, ई वाजला, जी-शार्प वाजला. चौथी मुकी. आता ई कॉर्डमध्ये सूर असतात तेच हे तीन, आणि दुसऱ्या फ्रेटला दाबलेल्या ए तारेवर पुन्हा बीच येतो.

"काय झालं? काही चुकलं का?" काकांनी विचारलं.

"काही नाही," म्हटलं. "पुढची ओळ घ्या."